लाडक्या पात्राचा आवाज हरपल्यानंतर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲनिमेशन किंवा गेममधल्या एखाद्या पात्राला वर्षानुवर्षे आवाज देणारा कलाकार जातो, तेव्हा चाहत्यांच्या मनात दोन गोष्टी एकदम दाटून येतात: त्या माणसाच्या जाण्याचे दुःख आणि त्या पात्राचे आता काय होणार ही धास्ती. दोन्ही खऱ्या आहेत. पण त्या एकमेकींत गुंतल्या की राग भलत्याच माणसावर निघतो, आणि तो माणूस बहुतेक वेळा त्या भूमिकेसाठी नव्याने निवडलेला कलाकार असतो. अशा काळात पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

ज्याला कधी पाहिलेही नाही, त्याच्या जाण्याचे एवढे वाईट का वाटते?

कारण त्याला पाहिले नसले, तरी वर्षानुवर्षे ऐकलेले असते. लहानपणी शाळेतून आल्यावर, आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या, रात्री हेडफोन लावून गेम खेळताना जो आवाज सोबत असतो, तो घरातल्या माणसाच्या आवाजाइतकाच ओळखीचा होतो. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्येच प्रेक्षक आणि माध्यमांतील कलाकार यांच्यातल्या अशा एकतर्फी नात्याचे वर्णन करून ठेवले आहे. नाते एकतर्फी आहे, म्हणून त्यातले दुःख खोटे ठरत नाही.

आवाज-कलाकाराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. त्याचा चेहरा रस्त्यात कोणी ओळखत नाही, पण त्याने एक वाक्य उच्चारले की सगळे वळून पाहतात. १९९२ च्या ॲनिमेशन मालिकेपासून बॅटमॅनचा आवाज झालेले केव्हिन कॉनरॉय २००१ मध्ये न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर मदतकार्य करणाऱ्यांसाठी स्वयंपाक करत होते. हाच तो बॅटमॅनचा आवाज, यावर जेवायला आलेल्यांचा विश्वास बसेना. तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराच्या आतूनच बॅटमॅनच्या आवाजात त्याची प्रसिद्ध वाक्ये म्हटली आणि बाहेर बसलेली थकलीभागली माणसे हसू लागली. हा प्रसंग कॉनरॉय यांनी स्वतःच सांगितलेला आहे. १० नोव्हेंबर २०२२ रोजी वयाच्या ६६ व्या वर्षी ते गेले, तेव्हा जगभरातल्या लोकांना आपले माणूस गेल्यासारखे वाटले, यात नवल वाटण्याचे कारण नाही.

निधनाची बातमी इतक्या उशिरा का कळते?

बहुतेक वेळा कुटुंबाची तशी इच्छा असते म्हणून. जपानमध्ये तर अंत्यसंस्कार घरच्या मंडळींपुरते उरकून मगच कलाकाराच्या संस्थेमार्फत बातमी देण्याची रीत चांगलीच रुळलेली आहे. १९७९ पासून २००५ पर्यंत डोरेमॉनला आवाज देणाऱ्या नोबुयो ओयामा २९ सप्टेंबर २०२४ रोजी वारल्या आणि लोकांना ते कळले ११ ऑक्टोबरला. मधल्या दिवसांत आपल्याला अंधारात ठेवले, अशी तक्रार काही चाहते करतात. ती मला पटत नाही. त्या दिवसांवर पहिला हक्क घरच्यांचा असतो.

कलाकार गेल्यावर भूमिकाही तेथेच थांबवायला नको का?

कधी कधी तसे केले जाते, आणि ते योग्यही ठरते. ‘द सिम्पसन्स’ या मालिकेतील दोन पात्रे फिल हार्टमन यांच्या मे १९९८ मधील मृत्यूनंतर बंद करण्यात आली. ऑक्टोबर २०१३ मध्ये मार्शा वॉलेस गेल्यावर त्यांनी आवाज दिलेली शिक्षिकाही मालिकेतून निवृत्त झाली. ही दुय्यम पात्रे होती. त्यांच्यावाचून गोष्ट अडत नव्हती, आणि त्यांची सगळी गंमत त्या त्या कलाकाराच्या बोलण्याच्या ढबीत होती.

मुख्य पात्राच्या बाबतीत असे करणे म्हणजे अख्खी कलाकृती थांबवणे. त्या पात्रामागे लेखक, चित्रकार, संगीतकार आणि सहकलाकार असे शेकडो लोक असतात, आणि बऱ्याच आवाज-कलाकारांना स्वतःलाही आपल्यामागे पात्र चालू राहावे असेच वाटत असते. क्लॅरेन्स नॅश यांनी १९३४ पासून डोनाल्ड डकला आवाज दिला. तो आवाज स्वरयंत्रातून निघतच नाही. गाल आणि दात यांच्या फटीत हवा कोंडून, तिलाच थरथरवून तो काढावा लागतो, त्यामुळे ऐकून ऐकून तो जमण्यासारखा नव्हे. नॅश यांनी ही करामत टोनी ॲन्सेल्मो या तरुण ॲनिमेटरला स्वतः शिकवली. १९८५ मध्ये नॅश गेल्यावर भूमिका ॲन्सेल्मो यांच्याकडे आली. आपल्या हयातीत वारस तयार करणाऱ्या कलाकाराच्या मृत्यूनंतर ‘आता ही भूमिका बंद करा’ असे म्हणणे म्हणजे त्याच्याच इच्छेविरुद्ध जाणे होय.

म्हणून माझे मत असे की भूमिका बंद करायची की पुढे न्यायची, हे गेलेल्या कलाकाराची इच्छा, कुटुंबाचे म्हणणे आणि त्या पात्राचे गोष्टीतले स्थान पाहून ठरवावे. चाहत्यांच्या पहिल्या आठवड्यातल्या संतापावरून ते ठरवू नये.

नवा आवाज निवडतात कसा?

कास्टिंग करणारी मंडळी जुन्या ध्वनिमुद्रणातले काही तुकडे काढतात: एखादे शांत संभाषण, एखादी आरोळी, एखादे हसू, आणि पात्र कोणाला तरी समजावत असतानाचे दोनचार संवाद. ऑडिशनला आलेल्यांना हे तुकडे ऐकवतात आणि मग तसेच म्हणायला सांगतात. आवाजाची पट्टी जुळणे ही अगदी पहिली पायरी असते. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. श्वास कोठे घेतला जातो, वाक्याचा शेवट खाली उतरतो की वर चढतो, राग आल्यावर हे पात्र भरभर बोलते की उलट संथ होते, हे सारे तपासले जाते. गेमसाठी याखेरीज मार बसल्याचे, उडी मारल्याचे, धापा टाकल्याचे नुसते आवाज लागतात. त्यांनी घसा बसतो, म्हणून ते सहसा ध्वनिमुद्रणाच्या शेवटी ठेवतात.

मग ऑडिशनमध्ये असे काही म्हणायला देतात, जे त्या पात्राने आजवर कधीच म्हटलेले नाही. निवड बहुधा येथे होते.

नवा आवाज हुबेहूब जुन्यासारखा का नसतो? तशी नक्कल करणारे कलाकार तर कितीतरी आहेत.

या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

नक्कल करणाऱ्याकडे मूळ कलाकाराने उच्चारलेली वाक्ये असतात. ती तो इतकी घोटून म्हणतो की डोळे मिटले तर फरक कळू नये. परंतु नव्या भागाची संहिता हातात येते, तेव्हा तिच्यातले एकही वाक्य मूळ कलाकाराच्या तोंडून आलेले नसते. विनोदी प्रसंगात एकाएकी हळवा झालेला तो नायक कसा बोलेल, हे कोणत्याच जुन्या फितीत सापडत नाही. तेथे नव्या कलाकाराला स्वतः ठरवावे लागते, आणि त्यासाठी ते पात्र आतून कळलेले असावे लागते. लकबींवर उभा असलेला आवाज तीनचार भाग छान वाटतो, मग हळूहळू पोकळ वाटू लागतो. हे पात्र का चिडते, कशाला घाबरते, कोणापुढे नमते, हे ज्याला उमगले आहे त्याचा आवाज सुरुवातीला परका वाटला, तरी हळूहळू मनात घर करतो. बंदिश तीच असली तरी गळा बदलला की ती वेगळी ऐकू येते, आणि शिष्याने गुरूचा खोकलासुद्धा उचलावा अशी अपेक्षा कोणी करत नाही.

जपानी मालिकांतील चोर-नायक ल्युपिन याला १९७१ पासून यासुओ यामादा यांचा आवाज होता. मार्च १९९५ मध्ये ते गेले. त्यांच्या आजारपणामुळे त्या वर्षीच्या चित्रपटात ही भूमिका कानिची कुरिता यांनी केली. कुरिता हे तोवर नकलाकार म्हणून प्रसिद्ध होते आणि यामादांच्या ल्युपिनची नक्कल हा त्यांचा हातखंडा होता. म्हणजे चाहते मागतात तशीच ही निवड होती. तरीही केवळ नकलेच्या जोरावर पुढची इतकी वर्षे काढणे शक्य नव्हते. त्यांच्या सुरुवातीच्या आणि अलीकडच्या कामातले संवाद लागोपाठ ऐकले, की सुरुवातीला प्रत्येक शब्दात यामादांचा धाक जाणवतो. नंतरच्या कामात वाक्याच्या मधोमध घेतलेले छोटे विराम कुरितांचे स्वतःचे आहेत, आणि पात्र मात्र ल्युपिनच राहिले आहे.

पण ‘मूळ’ आवाज तो मूळच ना?

मूळ कोणता, हे बरेचदा आपण कोणत्या वर्षी जन्मलो त्यावर ठरते. ओयामा यांच्या आवाजातला डोरेमॉन हाच खरा, असे मानणारी एक अख्खी पिढी आहे. प्रत्यक्षात १९७३ मध्ये जपानी टीव्ही मालिकेत तो प्रथम आला, तेव्हा त्याला आधी कोसेई तोमिता आणि नंतर मासाको नोझावा यांनी आवाज दिला होता. म्हणजे ओयामा स्वतःही नंतर आलेल्या होत्या. एप्रिल २००५ मध्ये त्यांच्यासह पाचही प्रमुख कलाकार एकदम बदलले आणि वासाबी मिझुता यांच्याकडे ही भूमिका आली, तेव्हा जुन्या प्रेक्षकांची नाराजी मोठी होती. त्यानंतर जन्मलेली मुले आता मोठी झाली आहेत, आणि त्यांच्या कानाला डोरेमॉन म्हणजे मिझुताच.

मिकी माउसचेही तसेच आहे. पहिला आवाज खुद्द वॉल्ट डिस्ने यांचा, मग जिमी मॅकडोनल्ड यांचा, मग १९७७ पासून वेन ऑलवाइन यांचा. ऑलवाइन यांचा विवाह मिनीला आवाज देणाऱ्या रसी टेलर यांच्याशी झाला होता. ते २००९ मध्ये गेले, त्या २०१९ मध्ये. या दोघांच्या आवाजावर वाढलेल्यांना ही जोडी गेल्याचे दुःख फार झाले, आणि त्यांतल्या अनेकांना ऑलवाइन हे तिसरे मिकी होते याची कल्पनाही नव्हती.

कलाकार गेल्यानंतरही त्याचा आवाज नव्या चित्रपटात किंवा गेममध्ये कसा ऐकू येतो?

अमेरिकी पद्धतीत आवाज आधी मुद्रित होतो आणि त्या बरहुकूम चित्रे हलवली जातात. चित्रपट किंवा गेम पुरा व्हायला पुढे कित्येक महिने, कधी वर्षे लागतात. त्यामुळे मुद्रण झालेले असूनही प्रदर्शन मृत्यूनंतर होऊ शकते. कॉनरॉय यांच्या आवाजातले बॅटमॅनचे काम २०२४ मध्येही प्रसिद्ध झाले. जपानमध्ये बहुतेकदा चित्रे आधी आणि आवाज नंतर असा क्रम असतो. प्रसारण आणि मुद्रण यांत तेथे फार अंतर नसते, म्हणून बदल लवकर कानावर येतो. ‘ड्रॅगन बॉल’मधील बुल्माचा आवाज असलेल्या हिरोमी त्सुरु १६ नोव्हेंबर २०१७ रोजी अचानक गेल्या तेव्हा मालिका चालूच होती. पुढच्या वर्षीच्या चित्रपटात ती भूमिका आया हिसाकावा यांच्याकडे आली.

मृत्यूनंतर आलेले काम पाहावे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. घाई मुळीच नसते.

जुन्या ध्वनिमुद्रणांवरून संगणकाने तोच आवाज तयार केला तर? मग नवा कलाकार लागणारच नाही.

हे आता तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे आणि झालेलेही आहे. ‘सायबरपंक २०७७’ या गेमच्या पोलिश आवृत्तीत डॉक्टरची भूमिका करणारे मिवोगोस्त रेचेक २०२१ मध्ये गेले. २०२३ च्या विस्तारासाठी, म्हणजे गेमला नंतर जोडलेल्या भागासाठी, निर्मात्यांनी त्यांच्या मुलांची परवानगी घेतली, दुसऱ्या एका अभिनेत्याकडून सर्व संवाद म्हणून घेतले आणि त्या मुद्रणाला रेचेक यांच्या आवाजाचा पोत दिला. ‘स्टार वॉर्स’मधील खलनायक डार्थ व्हेडरच्या बाबतीत त्याला आवाज देणारे जेम्स अर्ल जोन्स यांनी हयातीतच अशा वापराला संमती दिली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये ते गेले. मे २०२५ मध्ये एका लोकप्रिय गेममध्ये खेळाडूंशी आपणहून बोलणारा व्हेडर आणला गेला. कुटुंबाची संमती होती, तरीही अमेरिकेतील कलाकारांच्या संघटनेने आपल्याशी चर्चा न करताच कलाकारांचे काम यंत्राकडे दिल्याची तक्रार अधिकृतपणे नोंदवली. याच संघटनेचा गेम कंपन्यांविरुद्धचा संप जुलै २०२४ ते जुलै २०२५ असा जवळजवळ वर्षभर चालला, आणि त्याच्या मुळाशी कृत्रिम आवाजाचाच प्रश्न होता. कॅलिफोर्नियात सप्टेंबर २०२४ मध्ये झालेल्या कायद्यानुसार मृत कलाकाराची डिजिटल प्रतिकृती व्यावसायिक कामात वापरायची तर वारसांची संमती घ्यावी लागते.

संमती ही किमान अट झाली. तिच्यापलीकडे एक गोष्ट राहते, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. रेचेक यांच्या उदाहरणात अभिनय करणारा एक जिवंत माणूस होता आणि निर्मात्यांनी त्याचे नावही लपवले नाही. कोठे थांबायचे, कोणत्या शब्दावर कंप आणायचा, हे त्याने ठरवले. तोही काढून घेतला, तर उरतो तो फक्त पोत. ज्या निवडींमुळे तो आवाज आपल्याला प्रिय झाला, त्या करणारे तेथे कोणीच नसते. ‘आमचा लाडका आवाज परत आणा’ अशी मागणी करणाऱ्या चाहत्यांची तळमळ मला समजते, परंतु त्या मार्गाने परत येते ते त्यांना हवे असलेले नव्हे, असे मला मनापासून वाटते.

चाहत्यांनी हौस म्हणून असे कृत्रिम संवाद बनवून पसरवू नयेत. कुटुंबातल्या कोणाच्या कानावर ते अचानक पडले तर काय होईल, याचा विचार करावा.

कलाकार आजारी असताना बदली कलाकार आणला, म्हणजे मूळ कलाकाराला डावलले का?

नाही. जानेवारी १९६१ मध्ये मोटार अपघातात अमेरिकी आवाज-कलाकार मेल ब्लँक गंभीर जखमी होऊन कोमात गेले, तेव्हा त्यांच्या एका पात्राला काही भागांपुरता डॉस बटलर यांनी आवाज दिला. पुढे ब्लँक यांनी प्लास्टरमध्ये जखडलेल्या अवस्थेत पलंगावरूनच ती भूमिका परत घेतली. ‘शिन-चान’मधील वडिलांचा आवाज असलेले केइजी फुजिवारा २०१६ मध्ये उपचारांसाठी थांबले आणि तोशियुकी मोरिकावा आले. ती भूमिका मात्र मोरिकावांकडेच राहिली आणि एप्रिल २०२० मध्ये फुजिवारा गेले. बदली नेमताना पुढचे कोणालाच ठाऊक नसते.

श्रद्धांजली वाहायची तर कशी?

लान्स रेडिक १७ मार्च २०२३ रोजी गेले. ‘डेस्टिनी २’ या गेममध्ये सेनापती झवालाला त्यांचा आवाज होता, आणि ते स्वतः तो गेम आवडीने खेळत. बातमी आल्यावर कोणी बोलावले नसताना खेळाडू गेममधल्या त्या मनोऱ्यावर जमू लागले, जेथे झवाला नेहमी उभा असतो. कोणी गुडघे टेकून बसले, कोणी सलाम करून उभे राहिले. एरवी जेथे उड्या आणि नाच चालतात, तेथे रांगाच्या रांगा स्तब्ध उभ्या होत्या. झवाला मात्र नेहमीसारखा उभाच होता आणि जवळ गेलेल्या प्रत्येकाशी रेडिक यांच्या आवाजात बोलत होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ही भूमिका कीथ डेव्हिड करणार असल्याचे जाहीर झाले.

असे काही करता आले तर जरूर करावे. नाहीतर त्या कलाकाराचे कमी माहीत असलेले काम शोधून ऐकावे. आवाज-कलाकारांच्या बऱ्याच भूमिका श्रेयनामावलीच्या तळाशी दडलेल्या असतात आणि तेथपर्यंत फारसे कोणी जात नाही. कुटुंबाने एखाद्या संस्थेला देणगी देण्याचे सुचवले असेल, तर त्याचा मान ठेवावा. आजाराचे तपशील खोदून काढू नयेत.

लहान मुलांना काय सांगावे?

खरे तेच सांगावे, थोडक्यात सांगावे. ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या मालिकेतील दुकानदार साकारणारे विल ली डिसेंबर १९८२ मध्ये गेले. निर्मात्यांनी दुसरा नट घेतला नाही, की ते गावाला गेले अशी थापही मारली नाही. नोव्हेंबर १९८३ च्या एका भागात ते वारले असून परत येणार नाहीत, हे मुलांना कळेल अशा भाषेत सांगितले. ती भूमिका पडद्यावरची होती. आवाजाचे सांगणे त्याहून सोपे आहे: तुझा मित्र आहे तसाच आहे, त्याच्यासाठी बोलणारे आजोबा गेले, आता एक नवे काका बोलणार आहेत. मुले बहुतेक वेळा मोठ्यांपेक्षा लवकर रुळतात.

नव्या कलाकाराशी चाहत्यांनी कसे वागावे?

त्याने कोणाची जागा हिसकावलेली नाही. बऱ्याचदा तो गेलेल्या कलाकाराचा सहकारी, शिष्य किंवा स्वतःही निस्सीम चाहता असतो, आणि आपल्याला आलेल्या शोकाखेरीज त्याच्यावर तुलनेचे ओझे असते. आवाज आवडला नाही तर तसे म्हणावे. कोणता संवाद खटकला आणि का, हे सांगितले तर ती टीका ठरते. त्याला थेट संदेश पाठवून ‘तुम्ही ही भूमिका सोडा’ असे लिहिणे हा छळ आहे, आणि तो दिवंगताच्या नावाने केला तर अधिकच वाईट दिसतो.

मला नवा आवाज ऐकवतच नाही. काय करू?

काही काळ ऐकू नका. जुने भाग कोठे गेलेले नाहीत. नंतर ऐकायचे झाले, तर ज्या प्रसंगाशी जुन्या आठवणी जोडलेल्या नाहीत अशा अगदी नव्या कथानकापासून सुरुवात करावी. जुना आणि नवा आवाज शेजारी शेजारी ठेवून तुलना करणाऱ्या चित्रफिती पाहू नयेत. त्यांत नेहमी जुन्याचा सर्वोत्तम क्षण आणि नव्याचा पहिला दिवस निवडलेला असतो.

नवा आवाज अंगवळणी पडायला किती काळ लागतो?

ठरावीक असे काही नाही. २४ जून २००५ रोजी ‘विनी द पू’मधील टिगरचा आवाज असलेले पॉल विंचेल गेले आणि दुसऱ्याच दिवशी पिगलेटचा आवाज असलेले जॉन फीडलर. दोघांनीही १९६८ पासून त्या भूमिका केल्या होत्या. त्यांच्यामागे टिगर जिम कमिंग्ज यांच्याकडे राहिला. ते विंचेल यांच्या हयातीतच ही भूमिका करू लागले होते, त्यामुळे तेथे फारशी खळखळ झाली नाही. पिगलेट ट्रॅव्हिस ओट्स यांच्याकडे गेला, आणि तो आवाज कानाला नवा होता. ल्युपिनला यामादांनी जितकी वर्षे आवाज दिला, त्याहून अधिक वर्षे आता कुरितांची झाली आहेत, तरी काही जुने चाहते अजूनही त्यांना ‘नवा ल्युपिन’ म्हणतात आणि प्रत्येक नवा चित्रपट आवर्जून पाहतात.